अ‍ॅनालॉग परिपथांतील गोंगाटाचे स्रोत-विश्लेषण

अ‍ॅनालॉग परिपथांतील गोंगाटाचे स्रोत-विश्लेषण म्हणजे एखाद्या इलेक्ट्रॉनिक परिपथाच्या बाहेर पडणाऱ्या संकेतात जो नकोसा, यादृच्छिक चढउतार मिसळलेला असतो, त्याचा किती भाग कोणत्या घटकामुळे निर्माण झाला हे संगणकीय सिम्युलेशनच्या साहाय्याने वेगळे करून पाहण्याची पद्धत होय. प्रत्यक्ष परिपथाच्या टोकाशी उपकरण लावून मोजमाप केले तर केवळ एकूण गोंगाट कळतो. त्यातला रोधकांचा वाटा किती, ट्रँझिस्टरचा किती आणि बाहेरून शिरलेला किती, हे ती एक संख्या सांगत नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र प्रत्येक घटकाचा गोंगाट स्वतंत्रपणे मोजता येतो, इतकेच नव्हे तर घटक जागेवर ठेवून केवळ त्याचा गोंगाट बंदही करता येतो. ही सोय प्रयोगशाळेतील कोणत्याही उपकरणात नाही.

क्षीण संकेत हाताळणाऱ्या सर्व उपकरणांच्या रचनेत या विश्लेषणाला महत्त्व आहे. हृदयाचा विद्युत् आलेख घेणारी यंत्रे, ध्वनिमुद्रणाचे विवर्धक, मोबाइलचे ग्राही भाग ही त्याची नित्याची क्षेत्रे होत. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, खोडद येथे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीपर्यंत, म्हणजेच जीएमआरटीपर्यंत, येणारे खगोलीय संकेत ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा बहुधा कितीतरी दुबळे असतात.

संज्ञा

मराठी पारिभाषिक लेखनात या चढउतारांना ‘गोंगाट’ म्हणतात. कार्यशाळेत आणि महाविद्यालयात ‘नॉइज’ हाच शब्द रूढ आहे, तर रेडिओ ऐकणारा सामान्य श्रोता त्याला खरखर म्हणतो. पारिभाषिक अर्थाने गोंगाट ऐकू येणे आवश्यक नाही. चित्रातील ठिपके किंवा तापमापकाचा थरथरणारा शेवटचा अंकही गोंगाटच होय.

गोंगाट आणि हस्तक्षेप यांत भेद करणे मात्र गरजेचे आहे. गोंगाट घटकाच्या आतील भौतिक प्रक्रियेतून जन्मतो आणि त्याचा पुढच्या क्षणीचा आकडा सांगता येत नाही. हस्तक्षेप बाहेरून येतो. वीजवाहिनीचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, मोटारीच्या ठिणग्या, शेजारच्या प्रक्षेपकाचा संकेत ही त्याची रूपे. दोन्हींचा परिणाम कानाला सारखाच वाटला तरी उपाय निराळे असतात, म्हणून विश्लेषणाची पहिली पायरी हीच विभागणी असते.

गोंगाटाचे उगम

रोध असलेल्या प्रत्येक वाहकात इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालींमुळे विद्युत्‌दाब सतत किंचित हलत असतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. या औष्णिक गोंगाटाच्या दाबाचा वर्ग रोध, केवल तापमान आणि निरीक्षणासाठी घेतलेला वारंवारितेचा पट्टा या तिघांच्या समप्रमाणात असतो. ३०० केल्व्हिन तापमानाला १ किलोओहमच्या रोधकाचा गोंगाट सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ इतका भरतो. रोध शंभरपट केला तर गोंगाट दहापट होतो. रोधक कोणत्या कंपनीचा आहे याने यात फरक पडत नाही. तो उष्णतागतिकीचा नियम आहे.

दुसरा उगम विद्युत्‌भाराच्या कणरूपात आहे. डायोड किंवा ट्रँझिस्टरमधील सीमा ओलांडणारे इलेक्ट्रॉन एकेक करून, अनियमित अंतराने जातात. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा त्यांचा आघात असतो. वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये त्याचे गणित मांडले. १ मिलिअँपिअर प्रवाहासाठी हा गोंगाट साधारण १८ पिकोअँपिअर प्रति वर्गमूळ हर्ट्झ येतो.

तिसरा प्रकार लुकलुक गोंगाटाचा. वारंवारिता जितकी कमी तितका तो प्रबळ असतो. मॉस ट्रँझिस्टरमध्ये तो विशेष जाणवतो आणि गेटचे क्षेत्रफळ वाढवले की घटतो. पहिल्या दोहोंप्रमाणे त्याचे एकच सर्वमान्य भौतिक स्पष्टीकरण नाही, म्हणून सिम्युलेशनमध्ये त्याचे गुणांक मोजमापावरून बसवावे लागतात. कारखान्याने दिलेले गुणांक निष्काळजीपणे काढलेले असतील तर सिम्युलेशनचे उत्तरही तेवढेच विश्वासार्ह राहते.

वर्गांची बेरीज

स्रोत वेगळे करता येतात याचे कारण एका साध्या गणिती वस्तुस्थितीत आहे. दोन गोंगाट एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रक्रियांतून आले असतील, तर कधी ते एकाच दिशेने जातात, कधी परस्परविरुद्ध. त्यांच्या गुणाकाराची दीर्घकाळची सरासरी शून्य होते. परिणामी एकत्रित गोंगाटाचा वर्ग हा स्वतंत्र गोंगाटांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. ३ आणि ४ नॅनोव्होल्टचे दोन स्वतंत्र गोंगाट एकत्र आले तर ७ नव्हे, ५ नॅनोव्होल्ट मिळतात. शाळेत शिकलेले पायथागोरसचे त्रिकूट येथे जसेच्या तसे उपयोगी पडते.

याचा व्यावहारिक परिणाम फार मोठा आहे. ज्या स्रोताचा गोंगाट मुख्य स्रोताच्या एकतृतीयांश असतो, त्याचा वर्ग नवमांशच उरतो. असा दुय्यम स्रोत संपूर्ण नाहीसा केला तरी एकूण गोंगाट पाच टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. म्हणून मुख्य स्रोत न ओळखता महागडे घटक बदलत राहणे हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय ठरतो.

सिम्युलेशनमधील गणित

परिपथाचे वर्णन समीकरणांत करून संगणकाकडून ती सोडवून घेणारे ‘स्पाइस’ हे प्रणालीचे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नॅगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ती विकसित केली आणि १९७३ मध्ये ती जाहीर झाली. तिच्या आधीची प्रणाली रोनाल्ड रोहरर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच ठिकाणी तयार झाली होती. गोंगाटाचे विश्लेषण जलद करण्याची युक्ती रोहरर, नॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली.

ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे. परिपथात शंभर गोंगाट-स्रोत असतील तर प्रत्येकाचा परिणाम टोकापर्यंत किती पोहोचतो हे काढण्यासाठी शंभर वेळा समीकरणे सोडवावी लागतील असे वाटते. त्याऐवजी समीकरणांच्या सारणीतील ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करून, निर्गमाच्या जागी एकक प्रवाह दिला आहे असे मानून एकदाच उत्तर काढतात. या उलट्या परिपथात प्रत्येक ठिकाणी जो विद्युत्‌दाब मिळतो, तोच त्या ठिकाणच्या गोंगाटाचा मूळ परिपथातील निर्गमापर्यंतचा गुणक असतो. एका वारंवारितेसाठी एकाच उकलीत सर्व स्रोतांचे हिशेब मिळतात. घटकवार वाटे दाखवणारी यादी देणे सिम्युलेटरला परवडते ते यामुळेच.

स्पाइसच्या नॉइज विश्लेषणात साधारणपणे तीन गोष्टी हाती येतात: निर्गमावरील एकूण गोंगाट, तोच गोंगाट आगमाच्या टोकाशी आहे असे मानले तर त्याचे मूल्य, आणि प्रत्येक घटकाचा वाटा. दोन परिपथांची तुलना करताना दुसरी संख्या उपयुक्त असते, कारण निर्गमावरील गोंगाट केवळ विवर्धन कमी केल्यानेही घटतो, आणि त्यात संकेताचा काहीच लाभ नसतो.

उदाहरण

शंभरपट विवर्धन करणारा एक ऑप-अ‍ॅम्प परिपथ घेऊ. संकेत १० किलोओहम रोध असलेल्या संवेदकातून धन आगमाकडे येतो. ऋण आगमापासून जमिनीपर्यंत १०० ओहम आणि निर्गमापासून ऋण आगमापर्यंत ९.९ किलोओहम असे दोन फीडबॅक रोधक आहेत. ऑप-अ‍ॅम्पचा दाब-गोंगाट ५ नॅनोव्होल्ट आणि प्रवाह-गोंगाट ०.७ पिकोअँपिअर प्रति वर्गमूळ हर्ट्झ मानू. ध्वनिमुद्रणात प्रचलित असलेल्या ५५३२ या चिपच्या माहितीपत्रकात १ किलोहर्ट्झला हेच आकडे दिलेले असतात.

आगमाशी आणलेले वर्ग असे येतात. संवेदकाच्या रोधाचा औष्णिक गोंगाट १६५.६, ऑप-अ‍ॅम्पच्या दाबाचा २५, त्याचा प्रवाह संवेदकाच्या रोधातून गेल्यामुळे ४९ आणि फीडबॅक रोधकांचा १.६, एकके नॅनोव्होल्ट-वर्ग प्रति हर्ट्झ. बेरीज २४१.२, तिचे वर्गमूळ १५.५ नॅनोव्होल्ट. जवळजवळ ६९ टक्के वाटा एकट्या संवेदकाचा आहे. येथे ऑप-अ‍ॅम्पच्या जागी पूर्णतः निःशब्द असा काल्पनिक घटक बसवला तरी गोंगाट १२.९ नॅनोव्होल्टपर्यंतच खाली येईल.

आता त्याच परिपथाला २०० ओहमचा ध्वनिग्राहक जोडला तर चित्र पालटते. संवेदकाचा वर्ग ३.३ वर येतो, ऑप-अ‍ॅम्पचे २५ तसेच राहतात, प्रवाहाचा वाटा नगण्य होतो. एकूण गोंगाट ५.५ नॅनोव्होल्ट, त्यात ८३ टक्के वाटा ऑप-अ‍ॅम्पचा. मघाशी निर्दोष ठरलेला घटक आता मुख्य आरोपी आहे, आणि अधिक शांत चिप घेण्यात अर्थ आहे.

तिसरी शक्यता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार दिसते. वीज वाचवण्यासाठी किंवा हाताशी असलेले रोधक वापरण्यासाठी १०० ओहम आणि ९.९ किलोओहमऐवजी १० किलोओहम आणि ९९० किलोओहम बसवले जातात. गुणोत्तर तेच, विवर्धन तेच, साध्या चाचणीत परिपथ निर्दोष. पण फीडबॅक रोधकांचा वर्ग १.६ वरून सुमारे १६४ वर जातो आणि ऑप-अ‍ॅम्पचा प्रवाह त्यांच्यातून गेल्याने आणखी ४८ ची भर पडते. २०० ओहमच्या ध्वनिग्राहकासह एकूण गोंगाट पुन्हा १५.५ नॅनोव्होल्ट होतो, म्हणजे जवळपास तिप्पट. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात निर्गमावर ७७ मायक्रोव्होल्टऐवजी २१९ मायक्रोव्होल्ट गोंगाट मिळेल. घटकवार यादी न पाहता याचा दोष बहुधा चिपच्या माथी मारला जातो.

विलगीकरणाच्या रीती

सर्वांत सरळ रीत म्हणजे सिम्युलेटरने दिलेली वाट्यांची यादी वाचणे. ती वाचताना वारंवारिता लक्षात ठेवावी लागते, कारण १० हर्ट्झला मुख्य असलेला स्रोत १० किलोहर्ट्झला मुख्य असेलच असे नाही. आलेखाचा आडवा अक्ष लघुगणकीय असल्याने डोळा फसतो. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या श्राव्य पट्ट्यात समान पसरलेल्या गोंगाटाचा अर्धा भाग १० किलोहर्ट्झच्या वर असतो, पण आलेखावर ती जागा उजवीकडची एक अरुंद पट्टी दिसते. डावीकडची उंच लुकलुक-रेषा भयावह वाटते, आणि पुष्कळदा तिचा एकूण बेरजेतील भाग किरकोळ निघतो. संपूर्ण पट्ट्यावरील बेरीज करूनच निर्णय घेणे योग्य.

दुसरी रीत एकेका घटकाचा गोंगाट बंद करून फरक पाहण्याची. येथे घटक काढून टाकायचा नसतो, फक्त त्याचा गोंगाट काढायचा असतो. रोधक काढला तर विवर्धन आणि ट्रँझिस्टरची कार्यस्थिती दोन्ही बदलतात आणि तुलना निरर्थक होते. एनजीस्पाइसमध्ये रोधकाच्या वर्णनात ‘नॉइझी’ हा प्राचल शून्य ठेवता येतो, एलटीस्पाइसमध्ये ‘नॉइजलेस’ असा शब्द जोडतात. अशी सोय नसलेल्या सिम्युलेटरमध्ये रोधकाच्या जागी, स्वतःच्याच दोन टोकांमधील दाबाने नियंत्रित होणारा प्रवाह-स्रोत ठेवतात. तो रोधकासारखाच वागतो, परंतु नियंत्रित स्रोतांना स्पाइस गोंगाट लावत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने तयार केलेली ‘ई-सिम’ ही मुक्त प्रणाली एनजीस्पाइसवरच आधारलेली असल्याने हे प्रयोग विनामूल्य करता येतात.

फरक काढताना वर्गांचा फरक घ्यावा लागतो. वरच्या पहिल्या उदाहरणात संवेदकाचा गोंगाट बंद केल्यावर एकूण आकडा १५.५ वरून ८.७ नॅनोव्होल्ट होतो. नुसती वजाबाकी केली तर संवेदकाचा गोंगाट ६.८ आहे असे वाटेल; खरा आकडा १२.९ आहे. ही चूक इतकी सहज होते की तिची तपासणी म्हणून उलट प्रयोगही करून पाहावा: सर्व घटक शांत ठेवून एकच बोलू द्यावा. दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत.

ती जुळली नाहीत तर स्रोत परस्परस्वतंत्र नाहीत असा संशय घ्यावा. उच्च वारंवारितेला मॉस ट्रँझिस्टरच्या गेटमधील आणि ड्रेनमधील गोंगाट एकाच मार्गिकेतील हालचालीतून येतात, त्यामुळे त्यांच्यात सहसंबंध असतो. अधिक नेहमीची अडचण अशी की एकाच स्रोताचा गोंगाट दोन वाटांनी निर्गमापर्यंत पोहोचतो. दोन ट्रँझिस्टरना समान आधार-दाब पुरवणाऱ्या भागाचा गोंगाट समतोल जोडीत जवळजवळ पूर्ण रद्द होतो. परिपथाचे दोन तुकडे वेगवेगळे तपासून वर्गांची बेरीज केली तर हे रद्द होणे हिशेबात येतच नाही. संपूर्ण परिपथ एकत्र चालवणे, हाच यावरचा उपाय.

आणखी एक सूक्ष्म बाब धारित्रावर नमुना साठवणाऱ्या परिपथांत दिसते. स्विचच्या रोधाचा गोंगाट धारित्रावर साठतो, पण त्याचे एकूण मूल्य रोधावर अवलंबून नसते. रोध वाढला की गोंगाटाची घनता वाढते आणि त्याच प्रमाणात पट्टा अरुंद होतो. ३०० केल्व्हिनला १ पिकोफॅरडच्या धारित्रावर सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट गोंगाट राहतो, स्विच कसाही असो. सिम्युलेटर यादीत दोष रोधाला देतो आणि ते बरोबरही आहे; उपाय मात्र धारित्र मोठे करण्यात आहे.

सिम्युलेशनच्या मर्यादा

सिम्युलेटर फक्त त्याला सांगितलेल्या गोंगाटाचा हिशेब देतो. ऑप-अ‍ॅम्पची जी संगणकीय प्रतिरूपे कंपन्या पुरवतात त्यांपैकी काहींत गोंगाट मांडलेलाच नसतो. अशा वेळी यादीत चिपचा वाटा शून्य दिसतो आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. नवे प्रतिरूप हाती येताच त्याचा एकपट विवर्धक करून, आगम जमिनीला जोडून, मिळणारा गोंगाट माहितीपत्रकातील आलेखाशी पडताळावा. पाच मिनिटांचे हे काम पुढचे अनेक दिवस वाचवते.

काळानुसार चालणाऱ्या साध्या सिम्युलेशनमध्ये यादृच्छिक गोंगाट मुळीच नसतो. तो मुद्दाम जोडावा लागतो. तरीही आलेखात थरथर दिसली तर ती बहुधा गणनेतील त्रुटी असते. स्पाइसमध्ये सापेक्ष त्रुटीची मर्यादा सामान्यतः हजारात एक अशी ठरलेली असते. एका व्होल्टच्या संकेतावर ही मर्यादा मायक्रोव्होल्टच्या अभ्यासाला फारच ढोबळ आहे. मर्यादा कडक करून आणि काळाची पायरी लहान करून पाहावे: थरथर कमी झाली तर ती गणिताची होती. भौतिक गोंगाट असे ऐकत नाही.

नॉइज विश्लेषण एका स्थिर कार्यस्थितीभोवतीच्या लहान चढउतारांसाठी लिहिलेले आहे. मिश्रक, आंदोलक आणि सतत उघडझाप करणारे स्विच यांत कार्यस्थितीच वेळोवेळी बदलते आणि एका वारंवारितेचा गोंगाट दुसरीकडे सरकतो. त्यांच्यासाठी आवर्ती स्थितीवर आधारित वेगळे विश्लेषण लागते.

शेवटची मर्यादा कागदावरील आकृतीबाहेरची आहे. शिरूर तालुक्यातील न्हावरे परिसरासारख्या उसाच्या पट्ट्यात मध्यम लहरींवर रेडिओ लावला असता जवळच्या शेतातील पंपाचा स्टार्टर पडताच जी कडकड ऐकू येते, ती रेडिओच्या कोणत्याही घटकाची नसते आणि त्याच्या परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये ती कधीही दिसणार नाही. सिम्युलेशनचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत तफावत पडली की ती तफावतच माहिती ठरते. परिपथाने स्वतः किती गोंगाट करायला हवा हे ठाऊक असल्यामुळे उरलेला कोठून आला याचा शोध घेता येतो.

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म अशाच एका शोधातून झाला. बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांच्याकडे अटलांटिकपार दूरध्वनीत खरखर कोठून येते हे शोधण्याचे काम होते. २०.५ मेगाहर्ट्झवर त्यांनी जवळच्या वादळांचा, दूरच्या वादळांचा असे दोन भाग वेगळे केले. तिसरा, सौम्य आणि अखंड भाग उरला. तो दररोज सुमारे चार मिनिटे लवकर, म्हणजे ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणे उगवत होता. १९३३ मध्ये त्यांनी तो आकाशगंगेकडून येत असल्याचे जाहीर केले. जान्स्की यांचे वरिष्ठ हॅराल्ड फ्रिस यांनी पुढे १९४४ मध्ये साखळीतील विवर्धकांच्या गोंगाटाचे सूत्र दिले, जे आज प्रत्येक ग्राहकयंत्राच्या रचनेत वापरले जाते.

खोडद येथील दुर्बिणीचे उदाहरण

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात आहेत. जागेची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा एक निकष होता.

रेडिओ खगोलशास्त्रात गोंगाट केल्व्हिनमध्ये मोजतात: त्या तापमानाचा रोधक जितका गोंगाट करील तितका. फ्रिस यांच्या सूत्रानुसार साखळीतील नंतरच्या प्रत्येक टप्प्याचा गोंगाट आधीच्या विवर्धनाने भागला जातो. पहिला विवर्धक ३५ केल्व्हिनचा आणि हजारपट विवर्धनाचा असेल, तर त्यामागचा ३०० केल्व्हिनचा टप्पा फक्त ०.३ केल्व्हिनची भर घालतो. उलट, पहिल्या विवर्धकाच्या आधी अर्ध्या डेसिबलची हानी करणारी केबल आली, तर सामान्य तापमानाला ती एकटीच सुमारे ३७ केल्व्हिन वाढवते, म्हणजे विवर्धकापेक्षाही अधिक. म्हणूनच अल्पगोंगाट विवर्धक तबकडीच्या केंद्रबिंदूशी, संग्राहकालगतच बसवलेले असतात. त्यानंतरचा लांबचा प्रवास संकेत प्रकाशीय तंतूंतून करतात.

तरीही चांगला विवर्धक सर्वत्र सारखा उपयोगी पडत नाही. आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ गोंगाट वारंवारिता घटत जाते तसा झपाट्याने वाढतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशच शेकडो केल्व्हिनचे असते. तेथे विवर्धकात १० केल्व्हिनची सुधारणा केली तर निरीक्षकाला ती जाणवणार नाही. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या रेषेजवळ आकाश काही केल्व्हिनचेच उरते आणि विवर्धक, केबल, जमिनीकडून येणारे प्रारण यांचा प्रत्येक केल्व्हिन मोजावा लागतो. वरच्या ऑप-अ‍ॅम्पच्या उदाहरणातील पालटच येथे मोठ्या प्रमाणावर दिसतो. २०१० च्या दशकात या दुर्बिणीचे अद्ययावतीकरण होऊन विस्तृत पट्ट्यांचे ग्राहक बसवले गेले; त्यांत एकाच विवर्धकाला विस्तृत पट्ट्यात शांत राहावे लागते, आणि ते साधले की नाही हे आधी सिम्युलेशनमध्येच तपासले जाते.

प्रत्यक्ष दुर्बिणीत कोणताही रोधक ‘निःशब्द’ करता येत नाही. तेथे उलट मार्ग घेतात: ज्ञात पातळीचा गोंगाट मुद्दाम आत सोडतात. जीएमआरटीच्या ग्राहकात अशा चार पातळ्यांची सोय आहे. भर घातल्यावर निर्गम किती पटीने वाढला यावरून मुळात किती गोंगाट होता हे निघते. विवर्धकाची प्रयोगशाळेतील चाचणीही याच तत्त्वावर, एक उष्ण आणि एक थंड रोध आळीपाळीने जोडून होते.

सर्वांत परिणामकारक विलगीकरण मात्र अँटेनांच्या जोड्यांमध्ये घडते. दोन तबकड्यांचे विवर्धक एकमेकांपासून स्वतंत्र गोंगाट करतात. आकाशातील स्रोत मात्र दोन्हींत समान असतो. दोन संकेतांचा गुणाकार करून दीर्घकाळ सरासरी घेतली की विवर्धकांचा भाग शून्याकडे जातो आणि समान भाग उरतो. ३० अँटेनांपासून अशा ४३५ जोड्या बनतात. सिम्युलेटरमध्ये वर्गांची बेरीज ज्या कारणाने खरी ठरते, त्याच कारणाने येथे गोंगाट गाळला जातो. २०२० मध्ये या दुर्बिणीच्या साहाय्याने हजारो दूरस्थ आकाशगंगांचे संकेत एकत्र करून सरासरी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या अणुरूप हायड्रोजनचे उत्सर्जन ओळखण्यात आले. एकेका आकाशगंगेचा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला होता.

बाहेरचा हस्तक्षेप या गणितात बसत नाही. वीजवाहिन्यांवरील सदोष जोड आणि इन्सुलेटर यांतून उडणाऱ्या ठिणग्या शेजारच्या अनेक अँटेनांना एकाच वेळी पोहोचतात, म्हणून सरासरीने त्या नाहीशा होत नाहीत. ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखरावर जातो, त्यामुळे त्यांच्या झुबक्यांत १० मिलिसेकंदांचे अंतर आढळते. ही त्यांची ओळखखूण आहे. अद्ययावत जीएमआरटीच्या अंकीय भागात अपेक्षित सांख्यिकीय मर्यादेबाहेर उसळणारे असे नमुने निरीक्षण चालू असतानाच ओळखून बाद करण्याची व्यवस्था आहे.